बिशप पळाला नव्हता

सर,

तुमचा बिशप पळाला नव्हता. आधी हे सांगून टाकते, बाकीचं पाल्हाळ मागाहून. शनिवारी त्याच्या गावाला जाऊन आले. आयर्लंडच्या पार पश्चिमेला आहे, आम्ही राहतो त्या ओंगारहून गाडीने तीन तास. कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तुम्ही वर्गात दरडावायचात ना, "पुरावा आण, मग तोंड उघड"? आणलाय पुरावा. इतकं हलकं वाटतंय की सोमवारी चेरीवूडच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये एकटीच हसत बसले होते. लोकांना वाटलं, बाईंना प्रमोशन मिळालं.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी दहावीत आहे, काकू भाकऱ्या थापतायत, आणि तुम्ही भिंतीला टेकून वही वाचून दाखवताय. मिशन हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता तुम्ही शाळा काढणाऱ्या त्या बिशपचं चरित्र लिहायला घेतलं होतंत. पाद्र्याचा मुलगा, चोविसाव्या वर्षी मुंबईत बोटीतून उतरला. शास्त्रीबुवांकडे मराठी शिकला, बैलगाडीतून तालुका पालथा घातला. शाळेच्या आवारात विहीर खणली, तिच्यावर सगळ्या जातींना पाणी भरू दिलं आणि आपल्यांच्या नि परक्यांच्या, दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. पुढे बिशप झाला. आणि पटकीच्या साथीत, गावात रोज माणसं मरत असताना, अचानक निघून गेला तो कायमचाच. चित्रकलेचे सर तुम्हाला चिडवायचे, "काय मास्तर, सापडला का तुमचा पळपुटा?" तुम्ही हसायचात, पण कान लालबुंद व्हायचे. काकू म्हणायच्या, "अहो, मेलेल्या गोऱ्यासाठी कशाला एवढा जीव जाळता?" तुम्ही म्हणायचात, "खोटा आळ मेलेल्यावरसुद्धा राहू नये."

त्याच संध्याकाळी तुम्ही ते पत्र माझ्या हातात दिलंत. आयर्लंडच्या त्याच्या गावच्या चर्चला लिहिलेलं, दोन पानी, टाकाने. "तुझं इंग्रजी बरं आहे. एकदा नजर टाक नि उद्या पोस्टात टाक." वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून मी भलतीच शेफारले होते. घरी जाऊन वाचलं तर सुरुवातच, मराठीचं शब्दशः इंग्रजी केलेलं, "हात जोडून नम्र विनंती करतो की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या सरांना गोरे लोक हसतील! ठरवलं, आपण नव्याने झकास लिहून टाकू. मग सहामाही आली, मग दिवाळी. तुम्ही फळा पुसता पुसता विचारलंत, "टाकलंस ना गं?" आणि मी म्हणाले, "हो सर." संपलं. एकदा हो म्हटल्यावर माघार कशी घेणार? तुम्ही मात्र पोस्टमनची सायकल दिसली की वर्ग सोडून व्हरांड्यात जायचात. "परदेशी पाकीट आहे का?" पोस्टमनकाका मान हलवायचे आणि मी पुस्तकात डोकं खुपसायचे. किती भित्री होते मी, सर.

मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. काकूंनी ती वही मलाच दिली, "तुलाच त्यात गोडी होती." शेवटचं पान कोरं आहे. वर तुमच्या अक्षरात एवढंच, "आयर्लंडहून उत्तर आल्यावर." ही वही आणि ते पत्र घेऊन मी कुठे कुठे राहिले! आयर्लंडमध्ये येऊन चौदा वर्षं झाली, तरी त्या गावाकडे गाडी वळवायची हिंमत झाली नाही. शेवटी लेकीनेच हट्ट धरला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्यासारखं इंग्रजी. "ममी, जस्ट गो. इट्ल बी ग्रँड," म्हणाली, म्हणजे सगळं नीट होईल, आणि गाडीची किल्ली हातात ठेवली.

चर्च सांभाळणारी एक ऐंशीच्या घरातली बाई आहे. चहा दिला, आणि बिशपाचं नाव काढताच कपाटातून एक पत्र्याची पेटी काढली. त्यात बिशपाच्या बहिणीचं पत्र. साथीत त्याने स्वतःचा बंगला रोग्यांना मोकळा करून दिला, त्यांची उष्टीखरकटी काढली आणि शेवटी स्वतःच आडवा झाला. बेशुद्धीतच डॉक्टरने त्याला गाडीत घालून बोटीवर चढवलं. शुद्धीवर आला तेव्हा वाटेतलं एडन बंदरही मागे पडलं होतं. डॉक्टरवर इतका संतापला की दोन दिवस जेवला नाही. पाय कायमचे गेले. दर रविवारी खुर्चीत बसून कुणालाही न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करायचा, असं बहीण लिहिते. ती कुठली भाषा, ते आपल्याला माहीत आहे. मी तिथेच ढसाढसा रडले. बाई म्हणाली, ही पेटी पाच वर्षांपूर्वी रंगकामात सापडली. त्याआधी कुणी विचारलं असतं तर "आम्हाला काही ठाऊक नाही" एवढंच कळवलं असतं. सर, तीस वर्षं छातीवर बसलेला धोंडा त्या एका वाक्याने उतरला.

मग मी पर्समधून तुमचं पत्र काढून तिला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कुठल्या ओळीला हसते ते. ती हसली नाही. "किती सुंदर लिहिलंय," म्हणाली. घडी घालून पत्र माझ्या हातात ठेवलं. "तुझ्या सरांना सांग, त्यांचंच खरं होतं. आणि उत्तराला एवढा उशीर झाला, त्याबद्दल आमच्या वतीने माफी माग."

तिला वाटलं असावं, ही तुम्ही जपून ठेवलेली नक्कल आहे; पत्र कधी पोस्टातच पडलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. तुम्ही नाही आहात, हेही नाही सांगितलं. "सांगते," एवढंच म्हणाले.