दमायच्या आधी थांबायचं

दादा, डावा पाय पुन्हा दगा द्यायला लागलाय. लहानपणी पोलिओच्या तापानं नेलेला आणि तुम्ही हट्टानं परत आणलेला, तोच. मागं एकदा ओट्यापाशी भाकरी थापत होते, आणि गुडघा असा मुडपला की मी परातीसकट खाली. खाली पडल्या पडल्या पाय उचलायला गेले, तर तो उचलेना. फार भ्याले, दादा.

तुमचा उपाय पाठ होता, म्हणून तोच केला. माझ्या लहानपणीच्या त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेलेली, दूध सोसायटीत थेंबभर दूध येत नाही, आणि तुम्ही तिथले मापारी. दुसरा कुणी बाप घरी बसला असता. तुम्ही मात्र रोज सकाळी मला उठवता, हातात रिकामी किटली देता आणि सोसायटीपर्यंत चालवत नेता. कुलूप काढायचं, मापांवरची धूळ पुसायची, कुलूप लावून माघारी. पारावरचे हसतात, "कशाला उघडता हो? दूध कुठं हाय?" तुम्ही तिकडं बघतही नाही. मी रडत वाटेतच फतकल मारते, तरी उचलून घेत नाही. "ऊठ माय. बसलीस की पाय बी बसतंय." तेव्हा तुमचा फार राग यायचा. पण सोसायटीत पुन्हा दूध यायला लागलं, तेव्हा किटली घेऊन मी एकटी जात होते.

म्हणून आताही रेटलं. फेऱ्या वाढवल्या, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलत राहिले. तसतसा तो जास्तच लुळा पडत गेला. शेवटी अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवलं. तिथली व्यायाम घेणारी पोरगी माझ्या लेकीएवढी. पाय दाबून बघत म्हणाली, "मावशी, पोलिओतून जेवढी ताकद वाचली, तिच्यावर तुमी जन्मभर पाय ओढला. आता ती थकली. जितकं रेटाल तितकी जाईल. दमायच्या आधी थांबायचं." पिशवी तिनं सोडायलाच लावली. आता आडवं पडून, पाय झोळीत टांगून हळूहळू हलवायचा, आणि थरथर सुटायच्या आत थांबायचं. जमेल तेव्हा बसायचं. पाय बरा होईल असं ती म्हणत नाही, आहे तेवढा टिकवू म्हणते. व्यायाम जमतो हो, थांबणं जमत नाही. खुर्चीत टेकले की लगेच उठते. वाटतं, आता बसले ती कायमचीच.

आणि त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. लहानपणी तुम्ही मला चालवलंत म्हणून पाय आला, की तेव्हाच तो झिजायला लागला? पोरीला ठाऊक असेल. पण विचारायला जीभ रेटत नाही. परवा तिनंच विचारलं, "एवढं रेटायचं कुणी शिकवलं तुमाला?" मी म्हणाले, "कुणी न्हाई. मीच हट्टी." ती हसली आणि पाय झोळीत ठेवायला लागली. तुम्ही आज असता, दादा, तरी हे पत्र तुमच्या हाती पडू दिलं नसतं.