थोरलीची पिशवी

दि. ३
आम्ही दहा वाजता पोहोचलो, अशी नोंद इथल्या केंद्राच्या प्रभारीबाईंनी केली आहे. ती चुकीची आहे. आम्ही साडेआठला पोहोचलो. परिचारक म्हणून केलेल्या चाळीस वर्षांच्या सेवेत माझे घड्याळ कधी मागे पडलेले नाही. असो. प्रवास सुखाचा झाला. अदलाबदलीच्या योजनेत माझी नात शहरातल्या रुग्णालयातून तीन महिन्यांसाठी सुईण म्हणून या गावच्या प्रसूतिकेंद्रात आली आहे. तिच्या बदली इथली सुईण, जिला सगळे थोरली म्हणतात, शहरात गेली आहे. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून प्रसूतिकक्षाचे दार दिसते. इथे तरी माझ्या चुका काढू नका हं आजोबा, असे नातीने बजावले. मी वचन दिलेले नाही.

दि. ५
इथली एक रीत मला फार पटली. जाणाऱ्या सुईणीने आपली पिशवी येणारीच्या हातात द्यायची आणि ‘आता तुझं’ म्हणायचे. तोवर ती कामातून सुटत नाही. परंतु थोरली आमच्या आधीच, साडेसातच्या बसने निघून गेली. पिशवी टेबलावर पडून होती. कार्यभार दिल्याघेतल्याच्या सह्या प्रभारीबाईंनी दोघींकडून, नातीकडून तर टपालाने, आठवडाभर आधीच घेऊन ठेवल्या होत्या! मी हरकत घेतली, तेव्हा हसून म्हणाल्या, कागद जुळला की काम जुळलं, आजोबा. सही ही काही रांगोळी नव्हे, असे मी त्यांना सुनावले.

दि. ८
थोरली शहरात पोहोचलीच नाही. तीन तारखेलाच तिची बस पुलावरून नदीत कोसळली. पाच दिवस कोणी चौकशी केली नाही, कारण कागदावर ती तिथे हजर होती. संतापाने माझे अक्षर बिघडले आहे.

दि. १०
आज सकाळी एका बाईची सुटका झाली. नात पहाटेपासून तिच्या उशाशी उभी होती. बाई म्हणते, ही पोर कोण? मला तर थोरलीने सोडवलं; हात गार होते तिचे, पण सराईत. पिशवीतली कात्री ओली आहे.

दि. १३
हजेरीपट पाहिला. नातीच्या सह्या पुसट होत चालल्या आहेत. त्याच जागी थोरलीच्या उमटत आहेत. एका जागेवर एकच माणूस, हा योजनेचा नियम. नातीचे बोलणे ऐकायला मला वाकावे लागते. प्रभारीबाई विचारतात, कोणती नात? तुम्ही तर एकटेच आलात. निर्लज्ज बाई!

दि. १६
नात पिशवी उचलू पाहते. बोटे बंदातून आरपार जातात — कागदावर तिने ती आधीच घेतली आहे. पुन्हा कशी —

दि. १८
भर दुपारी थोरली दारात. केसांतून पाणी गळते आहे. पिशवी पुढे धरलेली. रागावलेली नाही, दमलेली आहे — कोणाचा तरी हात शोधते आहे —

दि. १९
माझ्यामागे कोणी खोटे लिहू नये, म्हणून तारखा दुरुस्त करून ठेवतो.
३ — माझी नात आली. साडेआठला. मी साक्षीदार.
३ — थोरलीने कार्यभार दिला नाही, कोणी घेतला नाही. सह्या खोट्या.
३ ते ८ — थोरली शहरात हजर: खोटे. ती नदीत होती.
१० — सुटका थोरलीने केली. तिची ही सेवा कोणीही नोंदवलेली नाही.
१९ — सकाळी आठ. पिशवी मी घेतली. नाळ मलाही कापता येते. ती ‘आता तुझं’ म्हणाली आणि गेली. हजेरीपटावर नातीच्या सह्या पुन्हा ठळक झाल्या आहेत; माझे नाव कुठेच नाही.
अंगणात नात हाका मारते आहे. आवाज किती स्वच्छ! आजोबा कुठे गेले, असे सर्वांना विचारते आहे — अगं, मी इथेच, खिडकीत तर —