बरणी परत आलीच पाहिजे

१४ ऑक्टोबर, मंगळवार दुपार

चि. भिंगरी,

आशीर्वाद. हे नाव लिहिताना हात अडखळला. घरभर गरगर फिरायचीस म्हणून मीच ठेवलं होतं ते. तुमच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होऊन दीड वर्ष झालं, आता ते वापरायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांचं ते कामच आहे. माझा मुलगा नोकरीच्या गावी रुळलाय, दर रविवारी त्याचा फोन असतो.

आता स्वयंपाकघराची बातमी. आधी नीट टेकून बस, नाहीतर खुर्चीवरून पडशील. सिंकखालचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा डोंगर गेला! खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईने माझ्या जुन्या चादरींच्या अकरा पिशव्या शिवून दिल्या. भाजीवाला मला लांबून बघूनच "आल्या चादरवाल्या" म्हणतो. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं. फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, नवाच घ्या." मी म्हटलं, "माझे गुडघेही नीट चालत नाहीत, मलाही भंगारात काढतोस का?" मुकाट्याने दाराचं रबर बदलून गेला. तेव्हा तू शेजारी हवी होतीस. खुदकन हसली असतीस आणि लगेच दटावलंही असतंस, "आई, भांडी घासताना नळ बंद!" करते गं बंद आता. पण नळ बंद केला की घर इतकं गप्प होतं, की पुन्हा सोडावासा वाटतो.

कपाटाच्या दारावर आतून तू चिकटवलेला कागद अजून आहे. "ओलं डावीकडे, सुकं उजवीकडे. आई, प्लीज!!" तू होतीस तेव्हा मी मुद्दाम त्यालाच ओले हात पुसायचे. आता कपाट पुसताना फडकं त्याच्या कडेकडेने फिरवते.

आणि हो, गॅलरीतल्या बादलीत खत झालं. खरंखुरं.

इथवर लिहून उठले. चहा केला, प्याले, कप विसळला, पुसून जागेवर ठेवला. आता करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगते.

तुझ्या वेळी त्या बादलीत खत कधीच झालं नाही. तू साली बारीक चिरायचीस, वाळकी पानं आणायचीस, रोज ढवळायचीस, तरी आतलं सगळं तसंच्या तसं आणि भलत्याच वासाचं. "आई, माझ्या हाताला यशच नाही," म्हणून एकदा गॅलरीत बसून रडलीस. मी तुला पाणी आणून दिलं. भिंगरी, तू कामावरून यायच्या आधी रोज मी त्या बादलीत झाकणभर फिनेल ओतत होते.

एकतीस वर्षं दवाखान्यातल्या वॉर्डांची सफाई करवून घेतली मी. किडा दिसला की फिनेल, दुसरं काही मला सुचतच नाही. पहिल्या दिवशी ते सवयीने झालं. नंतरचं सवयीने नव्हतं. शेजारीपाजारी नाव निघायचं ते तुझ्या बरण्यांचं, तुझ्या पिशव्यांचं, आणि मला वाटायचं, मी काय पाहुणी आहे का इथे? ओट्यावर कोणाचं चालतं, ते दाखवायचं होतं मला.

मग तो दिवस आला. तू म्हणालीस, "यात कोणीतरी काहीतरी ओततंय." माझा मुलगा भडकला, "घरात माणसं तीन. म्हणजे आईवर आळ घेतेस?" तू माझ्याकडे पाहिलंस. विचारलंसुद्धा नाहीस, नुसतं पाहिलंस. मी दूध उतू जाईल म्हणून पाठ फिरवली. गॅस पेटवलेलाच नव्हता. त्यानंतर तुमच्यात बिनसलं ते बिनसलंच. आणखीही काही कारणं असतील, पण सुरुवात मी केली. लोकांना मात्र सांगत आले, हल्लीच्या मुलांचं पटत नाही.

गेल्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे पाच तारखेला, त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आई, मी तिला खोटारडी म्हणालो होतो," आणि फोन ठेवला. परवाच्या रविवारी फोन आला नाही.

त्याच्याकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. माझं मी मागते. मला माफ कर, आणि जमत नसेल तर येऊन तोंडावर सांग. मला तुझी फार आठवण येते गं. मला सून नको आहे, तू हवी आहेस, ओट्यापाशी उभी राहून माझ्या चुका काढणारी.

शिंपीणबाई कापड आणायला तुझ्या भागात येते, तिच्याबरोबर हे पत्र आणि खत पाठवते आहे. ती बादली तीनदा घासली, महिनाभर उन्हात ठेवली, आणि पुढचं सगळं तू करायचीस तसंच केलं. वास घेऊन बघ, मातीचा येतो. तुझ्या हाताला यश होतं.

भरलंय तुझ्याच काचेच्या बरणीत, वर तारखेची पट्टी लावून. शेजारीपाजारी दिलेल्या एकेका बरणीसाठी तू जिने चढायचीस, आठवतं? "आई, गेलेली बरणी परत आलीच पाहिजे, हा आपल्या घरचा नियम!" आपल्या घरचा, म्हणायचीस.

फळीवर तिची जागा मोकळी ठेवली आहे. मात्र शिंपीणबाईच्या हाती परत पाठवू नकोस.

सासू म्हणायची सोय राहिली नाही, आई म्हणवून घ्यायचं तोंड नाही, तरी

तुझीच,
ओटा अर्धा रिकामा ठेवून बसलेली मी