पाठीला तेल कोणी लावलं?

हुबळी,
पाडवा, १९९८

प्रिय सागर,

पुण्यात मित्रांचे फराळाचे डबे फस्त करत बसला असशील, तर आधी हात पूस आणि हे नीट वाच. आपल्या घरात खून झालाय. म्हणजे पुस्तकात, पण आई ज्या तऱ्हेने तपासाला लागली आहे, ते पाहून तुला खराच वाटेल.

यंदा आपल्याकडे सण नाही, हे तुला सांगायला नको. अप्पा गेल्यानंतरची पहिली दिवाळी. कढई चढवली नाही, फराळ शेजारच्या विमलाक्काने आणून दिला. तेराव्याला तू अप्पांचं दुकान विकून टाकू म्हणालास, आई 'परत येऊ नकोस' म्हणाली, आणि तेव्हापासून ती गिऱ्हाइकाशी बोलेल तेवढंच. सणाचे दिवस असे मुक्याने काढायचे या धास्तीने मी धारवाडहून एक कादंबरी आणली आणि वसुबारसेपासून आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

काय पुस्तक आहे रे! पेशवाईतलं धारवाड, किल्ल्यात दिवाळीची धामधूम, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे किल्लेदाराचे वैद्यबुवा अंगभर तेल-उटणं लावलेले, न्हाणीघरात मरून पडलेले. शोध लावणार कोण, तर वैद्यांची नात वेणू आणि पखालवाल्याचा पोरगा हुसेन. दोघंही अजून लंगडी खेळायच्या वयाची. मोठी माणसं त्यांना दारातून हाकलतात आणि ती परसातून आत येतात. किल्लेदार तर बुवा पाय घसरून पडले असं ठरवून मोकळा झालेला.

तिथे आईने मला थांबवलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाठीलाही तेल होतं म्हणतेस. आपला हात आपल्या पाठीला पोचतो होय? मग लावलं कोणी?" मी पान उलटलं, तर वेणू आजीला अगदी हेच विचारतेय! आईने मांडीवर थाप मारली. दरवर्षी अप्पांच्या पाठीला तेल तिनेच चोळायचं, तिला नाही सुचणार तर कोणाला? मग तिने भाजी बाजूला सारली. मला वाटलं, संपलं आता. पण नाही, वाच पुढे म्हणाली.

आता काय विचारतोस! विमलाक्का रोज जिन्यातूनच 'कोंदवरु यारव्वा', म्हणजे मारलं कोणी गं, असं विचारत वर येते, आणि आई तिला सगळं कन्नडमधून समजावते, वर पदरचं तिखटमीठ लावून. विमलाक्काचा संशय मिरजेहून आलेल्या शास्त्रीबुवांवर, का तर परगावचा पाहुणा. माझा वैद्यबुवांच्या पुतण्यावर. आई आम्हा दोघींना मोडीत काढते, स्वतःच्या मनातलं नाव मात्र सांगत नाही. काल तर तिने गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून मला विचारलं, की हुसेनकडून दुसरी घागर गरम पाणी मागवलं कोणी? हाताचं तेल काही गार पाण्याने निघत नाही. मला हे सुचलंच नव्हतं.

आज शेवटचं प्रकरण राहिलं. मी अधीर होऊन पान उलटणार, तोच आईने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, पुड्या बांधायच्या दोऱ्याने करकचून बांधलं आणि कपाटात ठेवलं. मी भांडले, विमलाक्का भांडली, काही उपयोग नाही. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "सागर येऊ दे. तोवर झालेली गोष्ट त्याला लिहून कळव, नाहीतर शेवट ऐकून त्याला काय कळणार?" तेराव्यानंतर तुझं नाव तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं, सागर. म्हणून हे सगळं लिहिलं. दुकानाचं काय ते पुढे तुम्ही दोघं बघा. आता मुकाट्याने निघ. आई तुझ्यासाठी थांबली आहे.

खुनी कोण ते कळेपर्यंत जिवात जीव नसलेली,
तुझीच अक्का
सोनाली