हसता शॉट

आदरणीय संयोगिताताई,

आपल्यासारख्या कामात बुडालेल्या व्यक्तीला काही लिहावे, एवढा माझा अधिकार नाही. त्यातही ही रोजनिशी आहे, म्हणजे केवळ स्वतःपुरते लिहिलेले. ते दुसऱ्यापुढे ठेवणे हा उद्धटपणाच होय. क्षमा असावी. माझा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मोबाइलवर लिहिलेल्या नोंदी जशाच्या तशा पाठवते आहे. शनिवारी चार वाजता चुलवाण पेटवण्यापूर्वी कृपया एवढे वाचावे.

आपली,
मधुवंती

गुरुवार, २ मे २०२४

आजऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले आणि ऊन तापायच्या आत कोल्हापूरला उतरले. स्थानकाबाहेर संयोगिताताई स्वतः स्कूटर घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या कोपरावर वाळलेले रक्त पाहून मी दचकले. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, गुळाच्या पाकात कुंकू कालवलंय, चाटलंस तरी चालेल, फक्त मुंग्यांच्या आधी चाट.

हा त्यांचा तिसरा भयपट. पहिले दोन मी आजऱ्यात उशीत तोंड खुपसून पाहिले होते आणि नंतर त्यांना चार पानी पत्र लिहिले होते. त्या पत्रावरूनच त्यांनी मला बोलावले. मी त्यांची पहिली आणि एकुलती एक सहायक. एम.ए.ला मराठीत पहिली आले त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

राजारामपुरीतल्या मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली आहे. सोबतिणी सुट्टीसाठी गावी गेल्या आहेत. खिडकीशी गुलमोहर आहे. पुस्तके मांडून झाली.

शनिवार, ४ मे

चित्रीकरण कसबा बावड्याच्या पलीकडे, उसाच्या रानातल्या एका बंद गुऱ्हाळघरात चालते. हंगाम संपला आहे. रस उकळायच्या मोठ्या कढया, म्हणजे काहिली, उपड्या पडल्या आहेत आणि त्यांच्याखालचे चुलवाण, म्हणजे रस आटवायची जमिनीतली भट्टी, थंड आहे. आमची कथा अशी, की धाकटी सून मरते, बोभाटा नको म्हणून सासरचे लोक तिला वाकळेत गुंडाळून याच चुलवाणात जाळतात आणि पुढे गुळाच्या प्रत्येक ढेपेत तिचे केस निघू लागतात. जाळण्याचे दृश्य शेवटच्या दिवशी, वाकळेत उसाची चिपाडे गुंडाळून घ्यायचे आहे. संवाद मी लिहिते आहे.

जनरेटर नाही, मोठे दिवे नाहीत. त्यामुळे रात्रीची दृश्ये ताई भर उन्हात घेतात. आकाश चौकटीत येऊ द्यायचे नाही आणि मागाहून संगणकावर सगळे निळे-काळे करून टाकायचे. कॅमेरामन पृथ्वीराज एरवी लग्नांचे चित्रीकरण करतो. तो याला उन्हातली रात्र म्हणतो. ताईंनी मला शिकवले, की अशा रात्रीत सगळे लपवता येते, सावली तेवढी लपवता येत नाही. खोटे पकडायचे असेल तर माणसाच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, पायाशी बघ, असे त्या म्हणाल्या. मी ते वाक्य दोनदा लिहून ठेवले.

जेवताना पृथ्वीराजने माझी थट्टा केली. मॅडम, म्हणजे मी, एकदा कॅमेऱ्याकडं बघून हसल्या तर आपण त्या दिवशी जेवण सोडणार, असे त्याने जाहीर केले. स्वयंपाक करणाऱ्या धोंडुबाईंनी भाकरी थापता थापता त्याला ऐकवले, की तू जेवण सोडलंस तर ह्या बुट्टीतल्या भाकरी काय भुतं खाणार हाईत व्हय. सगळे हसले. मी ताटात बघत राहिले. पण मला इथे आवडते आहे.

सोमवार, ६ मे

आज मी मेले. गमतीने लिहिते आहे.

प्रेताची भूमिका करणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. उद्या मतदान, म्हणून त्यांना आजच मतदान यंत्रे घेऊन केंद्रावर जावे लागले. ताईंनी सगळ्यांकडे पाहिले आणि शेवटी माझ्याकडे. नाही म्हणायलाही आवाज लागतो.

मेकअप करणाऱ्या आकारामदादांनी मला हिरवे लुगडे नेसवून घेतले, चेहऱ्यावर राख आणि पावडर चढवली, नाकात कापूस घातला आणि हात छातीवर जुळवून ठेवले. चुलवाणाच्या तोंडाशी मी आडवी झाले. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. इतकी माणसे माझ्याकडे बघत होती आणि मी काही करावे अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

शॉट संपल्यावर कळले, की एक गोष्ट उरते. दादा जुन्या स्टुडिओंमध्ये वाढलेले. मेल्याचा शॉट देणाऱ्याने त्याच जागी, त्याच वेषात उठून बसायचे आणि कॅमेऱ्यात बघून हसायचे, ही रीत आहे. तो हसता शॉट. तो चित्रपटात येत नाही, पण तो घेतल्याशिवाय मरण मिटले असे धरत नाहीत. ताईंनीही कॅमेरा चालूच ठेवायला सांगितला होता.

मी उठून बसले. भिंग माझ्यासमोर, त्यामागे सगळे. ताई म्हणाल्या, हास. ओठ हलेनात. शाळेपासूनच्या प्रत्येक बक्षीस समारंभाच्या छायाचित्रात मी स्वतःच्या चपलांकडे बघते आहे. आजही तेच झाले. पृथ्वीराज म्हणाला, ह्यापेक्षा मढं बरं होतं. शेवटी ताईंनी, राहू दे, ऊन उतरतंय, नंतर घेऊ, असे म्हणून कॅमेरा थांबवला.

दादांनी हातातला पफ खाली ठेवला. "आजचं मढं आजच उठवायचं असतंय, ताई." ताई त्यांना म्हणाल्या, की दादा, भुताचे दात तुम्हीच करता आणि तुम्हीच भिता.

मला सुटल्यासारखे वाटले.

बुधवार, ८ मे

संकलक वरद याच्या खोलीत कालपरवाचे चित्रीकरण पाहिले. माझा शॉट आल्यावर त्याने तोंडभरून स्तुती केली. म्हणाला, प्रेताचे काम करणाऱ्याचे पोट हलतेच, मग मला चित्र गोठवावे लागते. तू तर श्वासच घेतला नाहीस.

मी श्वास घेतला होता. काजळी घशात जाऊन खोकला येऊ लागला होता, तो दाबताना अंग हलले होते, हे मला लख्ख आठवते. पडद्यावर तसे काही नाही. एक माशी येऊन तिच्या उघड्या पापणीच्या कडेवर बसते, बुबुळावर चालत जाते. पापणी हलत नाही.

माशी बसली नव्हती. आणि डोळे मी मिटलेले होते.

वरदने एक कळ दाबून त्या तुकड्याचा आवाज पुसून टाकला. प्रेताला आवाज कशाला, म्हणाला. निघताना मी त्याला येते म्हणाले. त्याने मान वर केली नाही.

शुक्रवार, १० मे

दोन दिवस मला वाटत होते, की मी नेहमीसारखी हळू बोलते आहे. आयुष्यभर लोक मला जरा मोठ्याने बोल म्हणत आले आहेत. रिक्षावाल्याने तीनदा विचारले, कुठं जायाचं पावणं, आणि कंटाळून निघून गेला. अक्षय्य तृतीया म्हणून आईचा फोन आला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी ओरडले. खरोखर ओरडले, घशात ओरखडा उमटला. ती बाबांना म्हणाली, रेंज नाही वाटतं, आणि फोन ठेवला.

सेटवर कुणाच्याच काही लक्षात आले नाही. याचेच मला सर्वांत भय वाटते.

ताईंना संदेश पाठवला, की माझा हसता शॉट कृपया लवकर घ्यावा. त्यांनी उत्तर दिले: हो गं, पुढच्या शनिवारी, शेवटच्या दिवशी, चारला चुलवाण पेटवायच्या आधी नक्की. पुढे हसणारा पिवळा चेहरा.

सोमवार, १३ मे

भर दुपारी महाद्वार रोडवरून चालले होते. बारा वाजून गेले असतील. एकाएकी ऊन निळे झाले.

ढग नव्हते. आकाश काळे-निळे आणि त्याखाली लोक घाम पुसत, उसाचा रस पीत, गॉगल लावून चाललेले. दुकानांच्या पाट्या राखाडी. पिवळा रंग कुठेच नाही. आणि प्रत्येकाच्या पायाशी दुपारची सावली, आखूड आणि सुरीने कापल्यासारखी.

ही रात्र मला ठाऊक होती. ही आमचीच रात्र.

भिंतीला धरून वरदला संदेश केला, तू आत्ता काय करतो आहेस. उत्तर आले: तुझ्या शॉटची रात्र करतोय.

मंगळवार, १४ मे

अजून उजाडलेले नाही. म्हणजे लोकांना उजाडले आहे.

सेटवर गेले. आकारामदादा माझ्याकडे बघतच राहिले. विचारले, "पोरी, मेकप उतरवला न्हाईस व्हय?" सहा तारखेलाच मी चेहरा तीनदा धुतला होता. त्यांनी ओला रुमाल माझ्या गालावरून फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला आणि गाल राखाडीच राहिला. मी मोबाइलवर लिहून सारे दाखवले. त्यांनी डोळे बारीक करून दोनदा वाचले आणि थेट ताईंकडे गेले.

ताईंनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. शनिवारी घेणारच आहोत ना, म्हणाल्या. आज मुळीच वेळ नाही. दादा परत येऊन म्हणाले, "शनवारी मी सोता तुला कॅमेऱ्यापुढं बशिवतो. तवर हसायची सवय कर."

बुधवार, १५ मे

आज गेले नाही. अंग जड आहे. दिवसभर खोलीत पडून राहिले.

आरशापुढे हसण्याचा सराव केला. गाल उचलले जात नाहीत. मग मोबाइलचा कॅमेरा पुढे धरला. एरवी चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या देवीभोवती आली. माझ्याभोवती आली नाही.

मोबाइल चेहऱ्याने उघडत असे. आता तो म्हणतो, चेहरा ओळखता आला नाही.

गुरुवार, १६ मे

धोंडुबाईंचा आवाजी निरोप आला. जसा ऐकला तसा लिहिते.

"बाळ, काल किती हसवलंस गं आमाला. आन् माज्या संगट भाकरी बी थापू लागलीस. पृथ्वीराजला तर असलं बोललीस, त्येचं त्वांड बारीक झालं बग. आता कशी मान्सात आलीस. अशीच ऱ्हा."

काल मी या खोलीतून बाहेर पडलेले नाही.

भाकरी मला थापता येत नाही.

शुक्रवार, १७ मे

बसता येत नाही. पडूनच लिहिते.

ताईंना लिहिले, की काल-परवा सेटवर आली ती मी नव्हे. उत्तर: काय भन्नाट ओळ आहे, संवादात घे.

दादांना फोन लावला. मला त्यांचे बोलणे ऐकू येत होते. "कोन? कोन बोलतंय?" मग मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "मधुवंती, तुज्याच नावानं फोन आलाय बग." आणि तिकडे कुणीतरी हसले. मोठ्याने. मोकळे.

मी तसे कधीच हसले नाही. पण आवाज माझा होता.

एकच आशा. उद्या त्या जागी मी असायला हवे, त्या वेषात, आणि हसायला हवे. चारच्या आत. सरपटत का होईना. वर पत्र लिहून ठेवले आहे. सकाळी जाता आले नाही तरच पाठवीन.

शनिवार, १८ मे

पाय उचलत नाहीत. हात छातीवर आले आहेत — दादांनी ठेवले होते तसे. एक अंगठा हलतो.

दारावरून झाडणारी बाई गेली. हाक मारली —

मोबाइलवरच्या आमच्या गटावर ताईंचा निरोप. दुपारी वळीव येणार म्हणतात. चुलवाण चारला नाही, आत्ताच घेतोय.

अजून ऊन आहे, असे त्या लिहितात. मला निळेच दिसते.

अंगावर वाकळ आहे. मी घेतली नव्हती. माझ्याकडे वाकळ नाही.

पृथ्वीराज: मॅडम हसल्या. आपण जेवण सोडलं.

ताई: हसता शॉट आधी घेतला हं दादा, आता तरी खूष? किती गोड हसली आमची पोरगी.

छायाचित्र आले. चुलवाणाच्या तोंडाशी हिरवे लुगडे. माझा चेहरा. नजर थेट भिंगात. सगळे दात —

तिच्यामागे वाकळेची गुंडाळी. ती चिपाडाची असायची. त्यातून अंगठा बाहेर —

ताई, छायाचित्र पुन्हा बघा. चेहरा नका बघू. आपणच शिकवले होते. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची सावली आहे, दादांची आहे, काहिलीची आहे. तिच्या पायाशी बघा —

तळवे गरम. गुळाचा वास येतो —

पेटवू नका, मी इकडे आहे, मी आत —

पाठवले : शनिवार, १८ मे २०२४, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे