अप्पांचे दोन चारमिनारवाले रुपये

मुरुड,
सोमवार

तीर्थस्वरूप अक्कास मल्लिकार्जुनाचे शरणु शरणार्थ.

तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि सृष्टीच्या लग्नाची खरेदी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही ठीक. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू तीनदा विचारलंस, "मल्लू, माझं नाणं कधी देतूस? सृष्टीच्या हातावर ठेवायचंय," आणि तिन्ही वेळा मी रेंज नाही म्हणालो, ते मुद्दाम. मागे एकदा फोनवर नाण्यांचं बोललो तर संध्याकाळपर्यंत त्याच फोनवर नाण्यांच्या जाहिराती आल्या. आत कुणीतरी बसून ऐकतंय. पोस्टमन निदान डोळ्यांना दिसतो (त्याच्यावरही माझी नजर आहेच, पाकीट तीन ठिकाणी चिकटवलंय).

तर, अप्पांनी जाताना आपल्या दोघांच्या तळहातावर निजामाच्या काळातला चारमिनारवाला चांदीचा एकेक रुपया ठेवला होता. दोन्ही एकाच सालचे, दोन्ही कोरे करकरीत. तुझाही मीच माझ्या देवघरातल्या डबीत ठेवून घेतला, कारण तुमच्या धर्माबादहून चोर तासाभरात तेलंगणात पोचतो, हे मी तुला तेव्हाच पटवून दिलं होतं. गेल्या महिन्यात नांदेडला नाण्यांचे लिलाव करणाऱ्या मृत्युंजय नावाच्या माणसाला मी फोटो पाठवला. तो म्हणाला, या सालचे फार कमी सापडतात, बारा हजार कुठे गेले नाहीत. मला लगेच संशय आला. जो माणूस आपणहून जास्त किंमत सांगतो, त्याच्या मनात नाणं बदलायचं असणार (खरं ठेवून घ्यायचं आणि हॉलमध्ये दुसरंच फिरवायचं). पण मीही तीस वर्षं कापड मोजतोय. लिलावाला निघायच्या सकाळी डबीतलं एक नाणं घेतलं आणि चारमिनारच्या बरोबर खाली खिळ्याने 'म' कोरला. चांगला खोल. आता बदलून दाखव म्हटलं.

मृत्युंजयने ते भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. "शेट, ह्ये कुनी केलं हो? लई चांगलं नानं होतं. आता चांदीचा भाव येईल, दुसरं काय न्हाई." मी म्हटलं, झाली भाव पाडायला सुरुवात. तोंडावर काही दाखवलं नाही.

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. दारात प्रत्येकाला नंबराची पाटी देत होते, मीही घेतली (फुकट होती). आपल्या नाण्याची बोली पाचशेपासून निघाली आणि नऊशेवर अडली. पुढच्या रांगेतला एकजण कान खाजवत होता, मागचा खोकत होता, म्हणजे सगळे एकमेकांना मिळालेले. (खोकणाऱ्याला नंतर विचारलं. खरंच खोकला झालाय म्हणाला. तो तसं म्हणणारच.) अप्पांचा रुपया नऊशेला जाताना मला बघवेना. मी पाटी वर करून हजार म्हणालो. त्यावर कुणी चढलं नाही, आणि हातोडी पडली. "शेट," मृत्युंजय म्हणाला, "सोताचंच नानं सोता घेऊन राहिले की तुमी!" विकणाऱ्याचं कमिशन माझ्याकडून घेतलं आणि घेणाऱ्याचंही माझ्याकडूनच.

परतीच्या बसमध्ये नाणं बोटाने चाचपत बसलो. 'म'ची खाच बोटाला लागत होती. अप्पांनी आयुष्यभर जपलेलं नाणं कुणी चोरलं नाही, कुणी बदललं नाही, मीच घालवलं. फार लाज वाटली, अक्का. डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा बघतोय असं वाटल्यावर मात्र नाणं बनियनच्या खिशात घातलं.

दाजींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
मल्लिकार्जुन

ता. क. एक सांगायचं राहिलं. लिलावात नेलेलं नाणं तुझं होतं. अनोळखी माणसाच्या हातात एकदम माझं कसं द्यायचं, म्हणून आधी तुझं देऊन पाहिलं. रागावू नकोस.

आणखी ता. क. ते कोरलेलं आता मी ठेवतो, तसंही 'म' असल्यामुळे ते माझंच दिसतं. माझं चांगलं नाणं सृष्टीसाठी पाठवलंय. मिरचीच्या सौद्याला धर्माबादला येणारे आपले लिंबाजी घेऊन येतायत. विनंती एवढीच की ते कुणा नाणेवाल्याला दाखवू नकोस, थेट सृष्टीच्या हातावर ठेव.

शेवटचा ता. क. लिंबाजी माणूस सज्जन आहे, पण वाटेत नाणं बदललं तर आपल्याला कळणार कसं? म्हणून घेताना चारमिनारच्या खाली तुझ्या नावातला 'शि' आहे ना, ते बघून घे. चांगला खोल कोरलाय.