सहा आठवडे वाळणारा साबण

तीर्थस्वरूप इंगुनताई यांना,

तोर्केलचा हात जोडून नमस्कार (हातांना मेंढीच्या चरबीचा वास येतोय, तेव्हा जरा लांबूनच घ्या). गुडघा कसा आहे? बर्गनचा पाऊस त्याला मानवत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमची धाकटी बहीण बोर्गहिल्ड माझं घर सोडून तुमच्याकडे का आली, हे तिने आपल्या पद्धतीने सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका. फेरीबोटीवरून निवृत्त झालो आणि माझ्या पायांना घर पुरेना. कपाटं हलवून झाली, मांजराला शिस्त लावून झाली (ते शेजारी राहायला गेलं). शेवटी बोर्गहिल्डच म्हणाली, हाताला काही काम शोध. म्हणून शेजारच्या ऑसबियर्गबाईंकडे घरगुती साबण शिकायला गेलो. त्यांनी बजावलं होतं, कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही. आणि ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको. पहिलं लक्षात राहिलं. दुसरं सांगत होत्या तेव्हा मी खिडकीतून बोटी बघत होतो.

आमचं नाताळच्या मटणाचं पातेलं नेमकं ॲल्युमिनियमचं निघालं. सोड्याचं पाणी त्यात असं फसफसलं, की मी ते उचलून (हातमोजे होते, घाबरू नका) थेट बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. सकाळी बघतो तर तळाला भोक! बोर्गहिल्डने ते पातेलं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं, यावरून काय ते समजा.

पुढचा साबण स्टीलमध्ये झकास जमला. पण वड्या पाडल्यावर बाई म्हणतात, आता सहा आठवडे नुसतं वाळू द्यायचं. सहा आठवडे, ताई! मी सारखा जाऊन वड्या उलटायचो, अंगठ्याने दाबायचो, वास घ्यायचो. रविवारी जेवताना पुन्हा उठलो, तेव्हा बोर्गहिल्डने काटा खाली ठेवला.

"साबण वाळवतोयस की आजाऱ्याची नाडी बघतोयस?"

"आलोच गं."

"जन्मभर 'आलोच'च म्हणत आलायस. एक दुपार एका खुर्चीत बसून दाखव, मग मी येते," म्हणाली, आणि बॅग भरली.

तर असं आहे. वड्या फडताळात, मी स्वयंपाकघरात. घर एवढं मोठं कधी झालं, कळत नाही.

गुडघ्याला ऊब द्या.

तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा,
तोर्केल

ता. क. : पत्र साबणासाठी नव्हतंच. काल मी जेवल्यापासून अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसलो, एकदाही उठलो नाही. ऑसबियर्गबाई साक्षीला आहेत. एवढं बोर्गहिल्डच्या कानावर घाला. (हिवाळ्यात अंधार तीनलाच पडतो, ते घालायची गरज नाही.)

आणखी एक ता. क. : परवा वड्यांकडे धावताना उंबऱ्यात घोटा मुरगळला, डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे. हे तिला मुळीच सांगू नका. पण सांगितलंतच, तर ती पहिल्या बोटीने निघते का, तेवढं मात्र लगेच कळवा.